डागी माल

सुदामा नगरच्या घरात, मागच्या खोलीत,
जिथे पूर्वी स्कूटर आणि गव्हाची कोठी असायची,
तिथे आता माग आहे.
परदेशीपुऱ्याच्या इब्राहिम सुतारानं चित्र बघून बनवला.
शेवटची पाचर ठोकताना म्हणाला,
"काका, इतने में तो खाट बन जाती,
सोने के काम आती."

चौतीस वर्षं मी बँकेत कॅशियर.
अंगठा ओला करून गड्डी मोजायची सवय
अजून गेलेली नाही.
ताण्याचे तीनशे साठ धागे तसेच मोजतो,
वीस-वीसच्या जुड्या करून,
आणि शेवटी रबरबँड शोधतो.

हात पुसायचे रुमाल,
पोळ्यांच्या डब्यात घालायचे चौकोन,
गरम भांड्याखालच्या जाड पट्ट्या.
एवढंच येतं. मागाची रुंदीच सोळा इंच.
कुंदा विचारते, "लग्नात पाकीट द्यायचं सोडलंत की काय?"
नाही, पाकीटही देतो.
पण पाकिटाला कुणी हात पुसत नाही.

अप्पा मिलमध्ये साचावर होते.
मला सुताला हात लावू दिला नाही.
"सूत मोजून माणूस वाकतो," म्हणाले, "तू नोटा मोज."
मी नोटा मोजल्या.
वाकलो तो वाकलोच.

मिलमध्ये ठाणात दोष निघाला
की तपासणारा साहेब उजेडात कापड धरायचा,
निळ्या खडूनं खूण करायचा,
आणि तेवढा तुकडा पगारातून वजा करून
विणणाऱ्याच्याच अंगावर टाकायचा.
त्याला म्हणायचे डागी माल.
पाटणीपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत
दुसरं कापडच नव्हतं.
उशीचे अभ्रे, माझं दप्तर, आईचं फडकं,
विमलच्या झग्याच्या पाठीवर
मानेपासून कमरेपर्यंत सुटलेला एक धागा.
मी शाळेतून येऊन तोंड पुसायचो
तो अप्पांचा दंड असायचा.
ज्या महिन्यात घरात कापड आलं
त्या महिन्यात डाळ पातळ.
हे गणित मला नोटा मोजायच्या आधीच येत होतं.

सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते.
मी धाग्यांची टोकं मुठीत घेऊन फाटकात उभा.
"काका, ये गीला के सूखा?"
काय सांगू त्याला?
सुकाच म्हणायचा.
पण फणीत ओवताना प्रत्येक टोकाला
थोडी थुंकी लागलेली असते.

बोरगावकरांच्या मृदुलाचं नवं घर,
तिच्यासाठी सहा चौकोन घेतले,
पांढऱ्यावर जांभळी किनार.
पाच नीट उतरले.
सहाव्यात कुठेतरी पावडी चुकली,
कळलं ते मागावरून कापल्यावर.
चार बोटं लांब रेघ,
दात पडल्यासारखी.

मी तो खिडकीशी नेला.
उजेडात धरला.
दुसरा हात आपोआप खिशाकडे गेला.
खिशात खडू नव्हता, निळं पेन होतं.
टोपण काढलंही.
मग तसाच उभा राहिलो, बराच वेळ,
बाहेर कुणाचीतरी गाडी सुरू होत नव्हती
ती ऐकत.

दुपारी ताटावर बसलो तर
डब्यात तोच चौकोन, त्यात पोळ्या.
म्हटलं, "अगं, तो डागी आहे."
कुंदा वाढत होती. वर न बघता म्हणाली,
"म्हणजे घरचाच की."

वाफ त्या रेघेतून आधी बाहेर आली,
मग बाकीच्या कापडातून.
अप्पांना दाखवायला हवं होतं,
किंवा नको.
त्यांनी आधी रुंदी विचारली असती.

मृदुलाचा सहावा अजून व्हायचा आहे.
कांडी भरून ठेवली आहे.
जेवून बघतो.