समुद्र नको

हेरगायर म्हणाला, चित्र कुठलंही आण, समुद्र नको.
एकतीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनखोलीत काढलेला माणूस;
त्याने समुद्र पाहिला कमी, ऐकलाच जास्त,
पत्र्याच्या पलीकडून.

बिल्लाची अट वेगळी. तिने सोफ्याच्या उशीचा अभ्रा
पिशवीत घालून माझ्या हाती दिला:
ह्याला शोभेल असं काहीतरी बघ, मार्युन.
मोहरीच्या रंगाचा अभ्रा, एका कोपऱ्यात कॉफीचा डाग.

क्लाक्सविकला कॅनव्हास बोटीने येतो,
आणि बोट वाऱ्याच्या मर्जीने.
त्या हिवाळ्यात माझ्याकडे कोरा एकही नव्हता.
होता तो एक जुना, न खपलेला:
उधाणाचा समुद्र, सुरीने थापलेला,
लाटांच्या कडा अशा की हात फिरवला तर खरचटेल.
मी त्या घासल्या पॉलिशपेपरने, दोन संध्याकाळी,
नाकाला फडकं बांधून.
पुरत्या निघाल्या नाहीत. खरं सांगते, कंटाळा आला.

वर गेरूचा पातळ हात दिला, टर्पेंटाइनमध्ये भिजवून.
शिकवलं होतं मला: आधी रोडका थर, मग तेलकट.
उलटं केलंस तर वरचा आधी वाळतो,
खालचा अजून हलतच असतो,
आणि भेगा पडतात
घाईने केलेल्या समेटाला पडतात तशा.
मग काढले बटाट्याचे वाफे, दगडी बांध,
बांधावर वाळत घातलेला एक स्वेटर,
मोहरीच्या रंगाचा.
तो बिल्लासाठी. धंदाही करावा लागतो.

भिंतीवर आधीच्या चित्राचा चौकोन उरला होता;
सगळा वॉलपेपर विटलेला, तेवढाच हिरवागार.
बिल्ला म्हणाली, तिथेच लाव, झाकलं जाईल.
हेरगायर चाकाच्या खुर्चीतून म्हणाला, खाली.
अजून खाली.
मी खिळा दातात धरून गुडघ्यांवर.
पाहुणे काय म्हणतील, बिल्ला.
पाहुणे कुठे राहतात इथे, तो.
शेवटी चित्र बसलं
उभ्या माणसाच्या कमरेशी, बसलेल्याच्या डोळ्यांसमोर,
आणि वर तो हिरवा चौकोन
भाडेकरू सोडून गेलेल्या खोलीसारखा, तसाच उघडा.

तेल वरून वाळतं, आत वर्षभर ओलं राहतं.
म्हणून वार्निशला मी पुढच्या फेब्रुवारीत गेले,
रुंद ब्रश आणि डबी घेऊन.
सकाळचे अकरा. सूर्य डोंगराच्या खांद्यावर जेमतेम चढलेला,
उजेड आडवा, भिंतीला घासत येणारा.
आणि वाफ्यांखालून त्या उठल्या:
एक, दोन, मग मोजणं सोडलं,
सावलीने काढलेल्या लाटा, माझ्याच सुरीच्या.
एक तर स्वेटरच्या बाहीतून फुटत होती.

मी ब्रश पुसत राहिले. ब्रश कोरडाच होता.

ती तिसरी आहे ना, हेरगायर म्हणाला,
तिचा आवाज खोटा आहे.
वायव्येच्या वाऱ्यात ती आधीच आपटली असती.
पहिल्या आठवड्यापासून ऐकतोय.

मी म्हटलं, दुसरं काढून देते, पैसे नकोत.
स्वयंपाकघरातून बिल्ला: काय झालं?
काही नाही, तो ओरडला, वार्निश लावतेय ती.

मग हळू आवाजात, मला एकटीला:
चमकणारं लावू नकोस. मॅट लाव.
चमकेत खिडकी दिसते, खिडकीत बंदर दिसतं.
एका चित्रात किती पाणी घालायचं.

डबीत चमकणारंच होतं.
मी झाकण पुन्हा बसवलं,
तळव्याने दाबून, गच्च.