उणे ऐंशी

ओउलूत फेब्रुवारीत वियेनो चादरी बाहेर वाळत घालते.
आधी त्या फळीसारख्या ताठ होतात,
मग बर्फच उडून जातं, मध्ये पाणी न होता.
"आपलं यंत्र रात्रभर हेच करतं," ती म्हणते.

सकाळी कुपीच्या तळाशी
कापसाच्या धाग्याएवढं पांढरं काही.
तीन महिन्यांचं पेप्टाइड,
एका शिंकेत जाईल असं.

फ्रीझरमधली जुनी कुपी काढून
मी लगेच झाकण फिरवायला गेलो.
तिनं मनगट धरलं.
गार कुपी उघडली की हवेतली ओल आत शिरते,
आधी तिला खोलीची होऊ दे.
आम्ही कॉफी प्यालो. दुसरीही.

मग पाणी, काचेच्या कडेकडेनं.
हलवायचं नाही, फेस नको.
वीस नळ्यांत थोडंथोडं,
पुन्हापुन्हा गोठून-वितळून ते मोडतं म्हणून.

सगळ्यात खालच्या खणात एक डबी होती,
तिच्यावर पेन्सिलीनं: अन्सेल्मी, १४ मार्च.
वर्ष बर्फाखाली.
अन्सेल्मी कोण, मी विचारलं.
दार उघडं राहिल्याचा गजर वाजत होता.
तिनं डबी होती तिथेच सरकवली, दार लावलं.

"पेन्सिलीनंच लिहीत जा," म्हणाली,
"शाई अल्कोहोलनं जाते."