दोरी

टिपुगडेच्या बाराव्याला, पंगती उठल्यावर
आम्ही चौघं त्याच्याच बँडच्या गाडीवर बसलो,
बल्ब काढलेल्या.
क्लॅरनेट आत, खुंटीला, पिशवीत.
विषय निघाला तो निघालाच:
बेंतो कुलासो. चर्चमागच्या हॉलात वाजवून गेला तो.

सत्याहत्तर साल, दिलावर मुजावर म्हणाला.
बोर्ड मीच रंगवलेला. जॅझला ज काढायचा का झ,
फादरसंगं तासभर वाद. मी झ काढला, शेपटी लांब ठेवून.

सिस्टर शिंगे म्हणाल्या, छे, अठ्ठ्याहत्तर.
नाइट ड्यूटी बदलून घेतली होती मी,
बदल्यात तीन रविवार दिले.
आणि काळा कोट कुठला, दिलावर? पांढरा सदरा,
घामानं पाठीला चिकटलेला.
मी खिडकीतून बघत होते, मला पाठच दिसत होती.

गुजरीतल्या ओसवालला साल आठवत नाही, सदरा आठवत नाही.
बोटं आठवतात.
चिमट्यानं मणी उचलावा तसा सूर उचलायचा,
ठेवायचा भलतीकडंच,
आणि जरा वेळानं कळायचं,
त्येची जागा तीच हुती.

मग लाइट गेली. इथं तिघांचं एकमत.
अँप्लिफायर मुका झाला, ड्रमवाला थांबला,
कुलासो थांबला नाही.
अंधारातच खुर्ची ओढत पुढं आला,
पहिल्या रांगेच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतका,
आणि नुसत्या लाकडावर वाजवत राहिला.
दीडशे माणूस पुढं वाकलं.
मला खोकला आलेला, ओसवाल म्हणाला,
त्यो मी गिळला. अजून गिळलेलाच हाय.

टिपुगडेनं दुसऱ्याच दिवशी मंगळवार पेठेतल्या वरातीत
एक वाकडा सूर घातला, बरोबर तसाच.
नवरदेवाच्या मामानं वीस रुपये कापले.
आम्ही हसलो. आतून कुणीतरी डोकावून गेलं, म्हणून हळू हसलो.

आणि त्यो जनरेटरवाला, दिलावर म्हणाला,
कुणाचा हुता रं मुडदा? पाऊण तास यंत्र चालू हुईना!
बरंच झालं म्हणा.

मी सुपारी तोंडात टाकली.

प्लगवर काजळी होती, एवढंच.
दहा मिनिटांत काढून, पुसून, बसवला होता मी.
पुलीवर दोरी गुंडाळून झाली होती.
आता एक हिसडा, की दिवे.
तेवढ्यात खिडकीतून ते आलं.

सोळाव्या वर्षापासून मी उद्यमनगरात लेथवर.
याचे कान कारखान्यानं खाल्ले, आई म्हणायची.
संगीत म्हणजे काय, मला आजही सांगता यायचं नाही.
पण हत्यार नीट लागलं की लोखंडाचा कीस निघतो ना,
पातळ, निळा, न तुटता
वेटोळं घेत खाली उतरत राहतो,
तसं काहीतरी त्या अंधारातनं येत होतं.
तुटलं की दोरी ओढू, म्हटलं.
तुटेना.

फादरनं टिपुगडेला धाडलं, बघून ये म्हणून.
बॅटरीचा उजेड यंत्रावर पडला,
मग दोरीवर, मग माझ्या मुठीवर.
शिव्या खायची तयारी ठेवून मी वर बघितलं.
त्यानं बॅटरी विझवली
आणि शेजारी, डिझेलच्या डब्यावर, बसला.

भाडं मिळालं नाही. मालकानं महिन्याभरात काढून टाकलं.
टिपुगडे पुढं क्लॅरनेटची मोडकी चावी घेऊन लेथवर आला,
मग येतच राहिला.
त्या रात्रीबद्दल आम्ही
आपसातसुद्धा कधी बोललो नाही.
आता ते ठाऊक असलेला मी एकटा.

सिस्टर चपला शोधत होत्या.
उठता उठता सहज म्हणाल्या,
तुम्ही कुठं बसला होता हो? आत तर दिसला नाहीत कधी.

मागं, म्हणालो.
मागं, टिपुगडेच्या शेजारी.