गुडघ्याचं माप

आरशात नको बघू, शिओमी.
आरसा फक्त उभ्या माणसाचा असतो.
त्या बुटक्या स्टुलावर बस आधी,
मग उकिडवा बस, बुटाची नाडी बांध,
शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय टाक,
आणि मग सांग
जीन्स तुझी आहे, की तू तिचा.

हे मी मार्चमध्ये बोलले होते.
कोजिमाच्या बंदरावरून खारा वारा येत होता,
दुकानात एकच गिऱ्हाईक,
हातात मासिकाचं फाडलेलं पान,
पानावर लांब तंगड्यांचा एक पोरगा.
"अस्संच हवं. पोटरीला चिकटलेलं. पंचवीस औंसाचं."

पंचवीस औंस!
जमिनीवर ठेवली तर एकटी उभी राहते ती,
कमरेच्या वर कुणी नाही, तरी ताठा बघा.
मी त्याच्या हातात कापडाचा काठ दिला,
धोट्याच्या जुन्या मागावरचा, लाल दोऱ्याचा.
म्हटलं, अंगठा फिरव. ही गाठाळ जागा लागते?
इथे सूत जाड झालं, माग अडखळला.
आणि नीळ धाग्याच्या पोटात शिरलेली नाही,
नुसती सालीवर आहे.
म्हणून तर ती जाते,
जिथे तू वाकतोस तिथून आधी.

शिवाय कोरं कापड आटतं, बाबा.
पहिल्या पाण्यात लांबी दोन इंच गिळतं,
कंबर गिळतं ती महिन्याभरात परत देतं,
मांडी मात्र गिळली की गिळली.
श्वास रोखून गुंडी लागली तरी चालेल,
पण मांडीवर चिमूटभर कापड हातात आलंच पाहिजे.
एकवीस औंस घे. सरळ पायाची. नेफा बेंबीपाशी.

"कामावर बसून असतोस की उभा?"
"उभा. ओकायामाला, कॅमेऱ्याच्या दुकानात. काउंटरमागे."
फार पटकन म्हणाला.

पैसे मोजले, पान घडी करून खिशात ठेवलं,
आणि ती चिंचोळी पंचवीस औंसाची अंगात घालूनच गेला,
जिना उतरताना
लाकडी बाहुलीसारखा, गुडघे न वाकवता.

मिझोते-सान, जिच्या हाताखाली मी शाळेचे गणवेश शिवायला शिकले,
म्हणायची: गिऱ्हाईक खोटं बोललं तर बोलू दे.
कापड चुगलखोर असतं.

नोव्हेंबरात आला. जीन्स पिशवीत, आसनाजवळ फाटलेली.
शिवण शाबूत होती, कापडच गेलं होतं.
"सायकल," तो म्हणाला, "सायकलची सीट खराब आहे."
"असेल," मी म्हणाले आणि दिवा जवळ ओढला.

काउंटरमागे उभा राहणारा माणूस
खिशाच्या तोंडाशी विटतो, फार तर पाकिटाच्या जागी.
ह्याचे दोन्ही गुडघे
तांदळाच्या धुवणासारखे, उजवा जरा जास्तच.
पोटरीमागे सुरकुत्यांची घट्ट जाळी,
दिवसभर टाचांवर बसून उठणाऱ्याची.
आणि खाली, दुमडलेल्या घडीत,
हिरवट काड्यांचा चुरा.
नाकाशी नेला.
लव्हाळं. नव्या तातामी चटईचा वास,
जो मला आवडतो
आणि जो अंगाला येतो म्हणून पोरं हल्ली
बापाच्या कारखान्यातून पळतात.

विचारलं काहीच नाही.
चुराही झटकला नाही, होता तिथे राहू दिला.
मागून ठिगळ लावलं, वरून रफू,
निळ्या दोऱ्याच्या तीन छटा लागल्या,
कारण तो भाग आता एका रंगाचा उरला नव्हता.

मग फळीवरून एकवीस औंसाचं ठाण उतरवलं.
टेप कमरेला लावली नाही. म्हटलं,
"गुडघ्यांवर बस."
तो बसला.
दुकानाच्या थंड फरशीवर, इतका सहज,
पाठ सरळ, आणि उजवा हात आपोआप
समोरची न दिसणारी किनार दाबून बघत.
लक्षात आल्यावर त्याने तो मागे घेतला.

मी टेप गुडघ्याभोवती फिरवली
आणि वहीत लिहिलं:
शिओमी. कॅमेऱ्याचं दुकान.
गुडघ्याला दीड इंच जास्त.