कातरणं

बाबांनी कुणाचंच कातरण टाकलं नाही.
म्हापशाच्या बाजारात, सुक्या मासळीच्या वळणाआधी,
आठ फुटांचं आमचं दुकान. त्यातले दोन फूट
बोचक्यांनी खाल्लेले.
परवा कपाट सरकवलं तेव्हा वाळवीच्या मागे
हीच निघाली, गाठ मारलेली,
प्रत्येकीवर चिठ्ठी.

काएतान, हळदोणे. तारवटी. राखाडी सुटाची पट्टी.
एस्पेरांस, लग्नाचा सॅटिन. हल्ली स्विंडनला.
रघुवीर चणेकर, सफारी, बहारीन.
तो आला परत. पेटीतून.
सफारी अंगात नव्हती.

बाही बसवायची तर बगलेत गोलाई कापावी लागते,
खाली एक अर्धा चंद्र पडतो.
माणसं बोटीने गेली, विमानाने गेली,
आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज होऊन गेली,
त्यांच्या बगलेतले चंद्र
इथे माझ्या पायाशी.

मापांची वही मात्र मराठीत.
गिऱ्हाइकाशी कोंकणी, पाद्रीशी मोडकं पोर्तुगीज,
आणि पेन्सिल कानावरून काढली की
सरळ, मराठी शाळेतलं अक्षर:
'उजवा खांदा उतरता.
परदेशी जातोय, अंगाने भरेल. माया जास्त ठेवणे.'

माया. शिवणीच्या आत दुमडलेलं दीड बोट कापड,
बाहेरून न दिसणारं,
पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून.
कुवेतच्या कुठल्या खोलीत, कुठल्या दर्ज्याने
ती उसवली असेल?
त्याला काय म्हणतात त्याच्या भाषेत?

माझंही बाबांसारखंच.
लिहायला बसले की मराठी येते,
सुई टोचली की कोंकणी.
मग तुझी नेमकी कुठली, विचारतात लोक.
मी बोट तोंडात धरते.

जुन्या पलंगपोसावर एकेक तुकडा टाचत गेले.
एस्पेरांसचं नाव रोमीत, ती तशीच सही करायची.
काएतानचं देवनागरीत, बाबांच्या वळणाचं,
त्याला वाचता आलं नसतं ते.
चणेकराच्या तुकड्याखाली एकच शब्द: येतां.
निघताना 'जातो' कुणीच म्हणत नाही,
ना ह्या भाषेत ना त्या.

शुक्रवारी लालीबाई टेकली उंबऱ्यावर,
खांद्यावर आरशांच्या पिशव्या.
विजापूरकडून आली तेव्हा कडेवर होती म्हणे,
आता तिची नात इथल्या शाळेत कोंकणी कविता म्हणते.
बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली,
गेलेल्यांचंच आहे हे सगळं.
मी गप्प.
तिचं कातरण माझ्याकडे नव्हतं,
ती कधी आमच्याकडे शिवायलाच आली नव्हती.
तिने सुई ओढून घेतली हातातून,
कडेला एक टाका घातला, उलटा फिरून स्वतःलाच गाठणारा.
नाव विचारलं. तिने सांगितलं तिच्या बोलीत.
तीनदा म्हणून पाहिलं मी,
तिन्ही वेळा ती हसली.

पणजीहून एक बाई आल्या. भिंतीवर लावू म्हणाल्या.
कागद दिला भरायला.
साहित्य: सुती, सॅटिन, टेरिकॉट, दोरा.
आकार: सहा फूट बाय साडेचार.
भाषा: या चौकोनापाशी
दोन दिवस पेन ठेवून उठते आहे.

आत्ता एक पोरगा आलाय, हॉटेलातला,
झारखंडचा, काळी पँट हातात.
कंपनीने सगळ्यांना एकाच मापाची दिलीय.
दो इंच, दीदी, तो म्हणतो,
आणि शंका नको म्हणून बोटांनी दाखवतो.
मी कात्री लावते. मग थांबते,
दीड इंचच कापते, उरलेलं आत दुमडते.
अजून उंची वाढायचं वय आहे त्याचं.

नाव काय रे तुझं?
सांगतो. नीट ऐकू येत नाही, बाहेर टेम्पो.
परत विचारते,
चिठ्ठी पुढे ओढून.