धावदोरा

संपलं एकदाचं.
रात्रीचा दीड. सातारा रस्त्यावर ट्रक
कात्रजच्या दिशेनं कण्हत चढतायत,
आणि मशीनवर देवस्थळीबाईंचा ब्लाउज
एका बाहीचा, तसाच.

तीन वर्षं बघतेय हे, रिळांच्या डब्याला मोबाइल टेकवून.
शाल्मलीनं पासवर्ड दिला तेव्हा म्हणाली होती,
"मावशी, परीकथा आहे गं, तुला नाही आवडायची."
परीकथा!
पहिल्याच भागात राजानं सख्ख्या भावाला आरशात कोंडलं
आणि हात धुऊन जेवायला बसला.

तर आज शेवटचा भाग.
सातवा दरवाजा उघडला. बर्फ वितळलं.
दगड झालेली माणसं आळोखेपिळोखे देत उठली,
जशी काही रविवारचं जेवून जरा पडली होती.
राजकन्येनं अस्वलाच्या कपाळावर ओठ टेकले
आणि अस्वलाचा झाला एक गोरापान पोरगा,
दाढी कोरलेला.
मला अस्वलच बरं होतं.
तीन वर्षं मधासाठी तिच्यापायी रान तुडवलं त्यानं.
ह्या पोराला मी ओळखतसुद्धा नाही.

चेटकिणीला मात्र कुणी विचारलं नाही.
तिचे गुडघे दुखायचे.
संवादात नव्हतं कुठे, पण मला दिसायचं,
कढईपासून उठताना ती भिंतीला हात लावायची.
अख्ख्या राज्यात रोज उठून काम करणारी
ती एकटी बाई.
तिचा धूर केला. दोन सेकंदांत.

खालच्या मजल्यावरच्या रुबीनाला फोन लावला.
जागीच होती, तीही तेच बघत होती.
"वाईटच होती ना पण ती," म्हणाली.
असेल, म्हटलं.
मग तिचं मांजर कुठाय?
चौथ्या भागानंतर मांजर दाखवलंच नाही कुणी.
रुबीना गप्प झाली. मग म्हणाली, "हो की गं."

आणि मग लग्न.
झगा आला तशी मी नाकावर चष्मा सरकवला,
कारण बाकी सगळं सोडा, कापडात मला कळतं.
जांभळी मखमल. घेर बारा मीटर तरी.
राजकन्या जिना उतरताना कॅमेरा खाली आला
आणि डाव्या अंगाला, काठापासून दोन बोटं वर,
पांढरा धावदोरा.

मागे घेतलं.
थांबवलं. दोन बोटांनी मोठं केलं.
कच्चा टाका, काढायचा राहिलेला.
लांब लांब, घाईघाईचा,
शेवटचे तीन तर पार तिरके.

कुठल्या देशात असेल कोण जाणे.
तिलाही कुणीतरी रात्री आठला सांगितलं असेल,
घेर वाढवा, सकाळी शूटिंग आहे, एवढंच तर आहे.
तिच्याही मांडीवर मखमल जड झाली असेल
मांजर झोपल्यासारखी.
सुईच्या नाकात दोरा तिसऱ्यांदा गेला नसेल
आणि तिनं तिच्या भाषेत
आपण देतो तीच शिवी दिली असेल.

राजकन्या हसत होती. फुलं पडत होती.
मी झग्याकडेच बघत होते.

शेवटचं अर्धं मिनिट सांगायचं राहिलं.
अचानक आठवा दरवाजा.
अंधार. आत कुणीतरी खोकलं.
पुढील पर्व लवकरच.

लवकरच म्हणजे दोन वर्षं, मागच्या वेळेसारखं.
आमच्याकडे असं चालत नाही, बाबांनो.
तारीख दिली की द्यायचं.
गाठ मारल्याशिवाय दोरा तोडायचा नाही.
रागानं मोबाइल पालथा घातला,
पाय मशीनवर ठेवला, दुसरी बाही घेतली.

पण ते खोकणं.
वर्षानुवर्षं कढईचा धूर गिळलेलं खोकणं होतं ते.
रुबीनाला परत फोन लावावा का,
अडीच वाजले होते. नाही लावला.

सकाळी दहाला देवस्थळीबाई आल्या.
बाही उलटी करून खिडकीपाशी धरली,
नखानं एक पांढरा दोरा ओढला.
"हे राहिलं वाटतं."
तेवीस वर्षांत पहिल्यांदा.
मी कात्री शोधायला लागले,
टेबलावर, डब्यामागे, मशीनखाली,
आणि त्या म्हणाल्या, "अहो, हातातच आहे तुमच्या."