उसनी

टिकारामच्या देशाचं नाव पालथं.
बोडीच्या पाण्याखालचा तो देश,
झाडांची मुळं वर, पाखरं तळाशी,
आणि राजा नाही, कारण
राजाचं चित्र त्याला जमत नव्हतं.

गणिताच्या वहीत मागच्या पानावर
तिथली एकच वेल त्याने नीट काढली :
उसनी.
पान उंदराच्या कानाएवढं,
कडेला धानाच्या कुसासारखी लव.
फळ होतं, ते रबराने खोडलेलं.
खाली वाकडं अक्षर :
'एकाचं दुखनं दुसऱ्याले देते. रातभर.
सकाळी वापस करा लागते.
पैसे घेतले तं वाळते.'

मी नऊची, तो सातचा.
हाडात बसून कुणी साल सोलावी
तसं दुखायचं माझं.
आई वीट तापवून फडक्यात गुंडाळायची,
बाबा बांधीवर, डुकरं हाकलत.
मग हा उठून कुडामागचा टाकळा तोडायचा,
"उसनीच हाये, इकडं अशी दिसते,"
अर्धं पान मला, अर्धं स्वतः चावून
शेजारी पडून असा विव्हळायचा, असा,
की आई धपाटा घालायची, "काऊन सोंगं करतं बे?"
आणि मला झोप लागायची.
किंवा हसू यायचं. नक्की आठवत नाही.

पुढे शाळेत सहारे सिस्टर आल्या,
सगळ्यांची बोटं टोचली.
महिन्याने कार्डं : माझं लाल, त्याचं पिवळं.
"पोराच्या रक्तात अर्धंच आहे," त्या आईला म्हणाल्या,
"त्रास नाही. लग्नाच्या वेळी तेवढं बघा."
हा अंगणभर नाचला.
"पाह्य! लागली उसनी!
अर्धं आलं माह्याकडं!"
त्या दिवशी आईने त्याला मारलं नाही.
विझलेली चूल फुंकत राहिली.

आता तो बुटीबोरीत, सुताच्या कारखान्यात, रातपाळीला.
थंडी पडली की फोन करतो.
"दुखते का?"
नाही म्हणते.
"खोटं नोको बोलू, माह्या पायात कळ आली."
कळ येणारच, बारा तास उभा असतो.
मी तसं बोलत नाही.

सिंदेवाहीत माझं झेरॉक्सचं टेबल आहे.
परवा गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा
ते पान काचेवर पालथं ठेवलं, शाई गडद केली.
खोडलेलं फळ उठून आलं.
त्याच्याखाली त्याने काहीतरी लिहिलंही होतं.
तेवढं वाचता येत नाही.